लघुग्रह आदळतानाची चित्रं चित्रकार कशावरून काढतात? त्यात खरं किती असतं?

पुस्तकांत आणि बातम्यांत आगीचा गोळा पृथ्वीवर कोसळतानाची जी चित्रं दिसतात ती कोणी पाहून काढलेली असतात का, असं तुम्ही विचारलंय. पाहून काढलेली जवळजवळ नसतातच. मला माहीत असलेला एक ठसठशीत अपवाद आहे, त्याच्याकडे येतो. मी मुलांच्या विज्ञानपुस्तकांसाठी चित्रं काढतो. लोणारच्या आघाताचं चित्र एकदा माझ्या वाट्याला आलं होतं, त्यामुळे या विषयावर माझ्याकडे थोडी माहिती आणि बरीच कुरकुर आहे.

पहिली अडचण आकाराची. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद. पानावर ते 18 सेंटिमीटरमध्ये बसवलं तर एक सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर. आदळलेला दगड अंदाजे 60 मीटरचा धरला तर कागदावर तो 6 मिलिमीटर होतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मी इमानेइतबारे तेवढाच काढला. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला, "चित्र छान झालंय हो, पण दगड कुठाय?"

डायनासोरवाल्या चित्रांत तर हिशेबाचा पार बोऱ्या वाजतो. 6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानमध्ये, आजच्या चिक्षुलूबजवळ जो आदळला तो 10 ते 15 किलोमीटरचा मानतात. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर. पृथ्वी वीस सेंटिमीटरची काढली तर तो दगड म्हणजे टोक केलेल्या पेन्सिलीचा बारीक ठिपका. आणि आपण बघतो त्या चित्रांत? पृथ्वीच्या पाव आकाराचा बटाटा! तेवढं मोठं धूड शोभतं ते एकाच चित्रात, चंद्राच्या जन्माच्या. साधारण 450 कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा गोळा पृथ्वीला धडकला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला, ही कल्पना 1975 मध्ये विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी मांडली. हार्टमन स्वतः चित्रकारही आहेत, म्हणजे सिद्धांतही त्यांचा आणि कुंचलाही त्यांचा. गंमत म्हणजे नासासाठी आघातांची गाजलेली चित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं नावही डॉन डेव्हिस. माणसं दोन आहेत, मीही बरीच वर्षं एकच समजत होतो.

दुसरी अडचण वेळेची. असे दगड सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या वेगाने येतात. मुंबई ते पुणे सहा-सात सेकंदांत. दाट वातावरण पार करायलाही तेवढाच वेळ. म्हणजे मान वर करून, तोंड उघडं टाकून आकाशाकडे बघणारा डायनासोर फार तर एका श्वासापुरता. पुढे दगड जमिनीत घुसताना थांबतो आणि त्याची सगळी गतिज ऊर्जा एका फटक्यात सुटते. कुदळीने खणल्यासारखं काही होत नाही, सुरुंग उडाल्यासारखं होतं. म्हणूनच दगड तिरका आला तरी विवर बहुतेक वेळा गोलच पडतं. तिरक्या दगडासाठी लांबोळका खड्डा काढणाऱ्या चित्रकारांत एकेकाळी मीही होतो.

खरी टक्कर होताना माणसाने पाहिली ती 1994 च्या जुलैमध्ये. शूमेकर-लेव्ही 9 या धूमकेतूचे तुकडे आठवडाभर एकामागून एक गुरूवर आदळले. ते पडले पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला. गॅलिलिओ यानाला ते थेट दिसले, पण 24 कोटी किलोमीटरवरून, म्हणजे उजळून विझणारे ठिपके. गुरू फिरून ती बाजू पुढे आली तेव्हा छोट्या दुर्बिणीतूनही काळे डाग दिसले, त्यांतला सर्वांत मोठा जवळपास पृथ्वीएवढा. आग शोधणाऱ्यांना काजळी मिळाली. माझ्या मते त्या डागांच्या फोटोंपुढे बरीचशी भडक चित्रं फिकी आहेत.

आता तो अपवाद. 12 फेब्रुवारी 1947, सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेकडचं इमान नावाचं गाव. मेदवेदेव नावाचे चित्रकार सकाळी साडेदहाच्या सुमारास चित्र काढायला बसले होते, आणि समोरच्या आकाशातून सिखोते-अलिन या डोंगररांगेत पडलेली लोखंडी उल्का गेली. त्यांनी लगेच तीच रेखाटायला घेतली. पुढे त्यावरून रंगवलेलं चित्र 1957 मध्ये सोव्हिएत टपाल तिकिटावर छापलं गेलं. तिकिटावर बघा: खाली घरं, वरून तिरका येणारा गोळा, मागे धुराचा जाड पट्टा. आदळण्याचा क्षण नाहीच. लोखंडाचे तुकडे पडले ते लांब जंगलात, आणि सर्वांत मोठा खड्डा सव्वीसेक मीटरचा. धुराचा पट्टा मात्र कित्येक तास आकाशात होता, त्यामुळे तो नीट काढायला चित्रकाराला वेळ मिळाला असणार. पाहणाऱ्यांनी सांगितलं की गोळा सूर्याहून तेजस्वी होता आणि भरदिवसा त्याच्या सावल्या सरकत होत्या. या सावल्या मी डोक्यात ठेवल्या.

आवाजही चित्रात पकडणं अवघड. 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली तेव्हा आधी नुसता लखलखाट झाला. काय झालं ते बघायला लोक खिडकीशी गेले, आणि मिनिट-दोन मिनिटांनी धक्का येऊन काचा फुटल्या. दीडेक हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. मधली ती शांतता चित्रात कशी आणायची, हे मला अजून जमलेलं नाही.

लोणारकडे परत येतो. ते विवर कोणी पडताना पाहिलं असेल का? वयाचाच घोळ आहे. एका पद्धतीने 52,000 वर्षं येतात, दुसरीने 5,70,000. चित्रात माणूस काढावा की काढू नये, इथपासून पंचाईत. तरी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात जाऊन या. तिथे विष्णू लवणासुराच्या अंगावर उभा आहे. गोष्ट अशी की असुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, क्षार म्हणजे त्याचं मांस. ही आघाताची आठवण आहे असं काही लोक ठामपणे सांगतात, मला ते पटत नाही. गोल खड्डा आणि खारट पाणी बघून कोणालाही सुचावी अशी ती गोष्ट आहे. पण विवराच्या काठावर उभं राहिलं की काळ्या पाषाणाचे थर बाहेरच्या बाजूला उचललेले, कलंडलेले दिसतात, आणि झाकणाची उपमा देणाऱ्याची नजर पक्की होती एवढं मान्य करावं लागतं.

शेवटी मी दगड काढलाच नाही. एक माळ, त्यावर एकटं झाड आणि त्या झाडाच्या दोन सावल्या: एक सूर्याची, दुसरी तिच्याहून काळी, भलत्याच दिशेला. बस्स. संपादक म्हणाले, मुलांना कळणार नाही. मी म्हटलं, खाली एक ओळ लिहा, कळेल. पुस्तक हातात आलं तेव्हा ओळ नव्हती, आणि वरच्या कोपऱ्यात कोणीतरी कॉम्प्युटरवर एक लालभडक गोळा चिकटवला होता. चांगला लिंबाएवढा.