ग्रामसुरक्षा दलात नाव दिलं तर चोर पकडायचा अधिकार मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की पोलीस ठाण्यातून ग्रामसुरक्षा दलासाठी, म्हणजे पोलिसांच्या मदतीला रात्री गस्त घालणाऱ्या गावातल्या स्वयंसेवकांच्या दलासाठी, पोरांची नावं मागितलीत, आणि घरचे म्हणतायत नसती भानगड नको. मी आमच्या गावच्या दलात गस्त घालतो. माझं मत विचाराल तर नाव द्या, पण चोर पकडायच्या हौसेनं देऊ नका.

ओळखपत्र, शिट्टी नि काठी मिळाली म्हणून अंगावर खाकी चढत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 कुठल्याही नागरिकाला लागू आहे: डोळ्यांदेखत अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करणाऱ्याला तुम्ही धरू शकता, पण विनाकारण वेळ न काढता, 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. तेवढंच धरून चाला. रात्री अनोळखी माणूस दिसला, हा काही गुन्हा नव्हे.

खरं काम निराळंच आहे. शिवारातली चोरी म्हणजे विहिरीवरची मोटार, केबल, विजेच्या डीपीतली (ट्रान्सफॉर्मरमधली) तांब्याची तार, गोठ्यातली शेळी. रात्री दिवे बंद करून उभी असलेली पिकअप दिसली तर आडवं जायचं नाही. नंबर, रंग, मागं ताडपत्री आहे का, कुठल्या अंगाला गेली, किती वाजले, हे तिथंच लिहून घ्यायचं. सकाळी आठवून सांगितलेल्या नंबरात एखादा आकडा हमखास इकडचा तिकडे होतो. मग 112 ला फोन, बीट अंमलदाराला (आपल्या भागाचं काम बघणाऱ्या पोलिसाला) आणि पोलीस पाटलांना निरोप. केबल कापलेली सापडली तर टोकांना हात लावायचा नाही, टायरच्या खुणांवरून कुणाची गाडी जाऊ द्यायची नाही. बघायला अख्खं गाव लोटतं. त्यांना थोपवणं चोराला थोपवण्यापेक्षा जड.

प्रशिक्षण म्हणजे नुसतं भाषण, असं समजून पोरं दांडी मारतात. मला तेच सगळ्यात गरजेचं वाटतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक. तिथं तर पोलीस हजर होते. दोन्हीकडे मुळात अफवाच होती. आपल्या गावात अशी वेळ आली तर संशयिताला बंद खोलीत बसवून दारात उभं राहायचं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुढं ढकलू द्यायचा नाही आणि वाढीव कुमक मागवायची, हे काम दलाचं. आपल्याच चुलत्याला 'काका, मागं सरा' म्हणायची हिंमत लागते तिथं.

नाव देण्याआधी बीट अंमलदाराला दोन गोष्टी विचारा: पाळी कोण लावणार, आणि गस्तीत कुणाला लागलं तर उपचाराचा खर्च कोण बघणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं तर ग्रामसभेत विषय काढा.

आणि हो, दारूबंदी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनं आलेलं ग्रामरक्षक दल वेगळं. ते अवैध दारूपुरतं असतं. अर्ज भरताना घोळ करू नका.