दोन लाखांचा पोल आणि सोळा लाखांची सही

पुण्याहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ३४, आयटीत नोकरी, हातात पगार ९२ हजार, गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार, घरखर्च साधारण ३० हजार. दोन वर्षं पोल डान्स शिकल्यावर चौघी मैत्रिणींनी मिळून कोथरूडला पोल फिटनेसचा वर्ग काढायचं ठरवलंय. खर्च ८ लाख, प्रत्येकीचे २ लाख. ताईंकडे ३ लाखांची एफडी आहे, ती मोडू का, असं त्या विचारतात. घरी सासूबाईंना ‘मल्लखांबासारखंच आहे’ असं सांगितलंय, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

ताई, आधी सासूबाईंचं बघू. उपमा तुम्हाला वाटली त्यापेक्षा बरी दिलीत, पण एक फरक पैशाचा आहे. मल्लखांब लाकडी, त्याला एरंडेल लावतात. तुमचा पोल धातूचा. तो धरायचा उघड्या त्वचेने, तेही कोरड्या. तळहात ओलसर झाला की पकड गेली. म्हणजे जूनच्या दमट संध्याकाळी एसी ही चैन नाही, तो सुरक्षेचा भाग आहे. व्यावसायिक दराने विजेचे महिना ८ हजार तुम्ही धरलेत, ते मला तरी कमीच वाटतात. तरी तेच धरून पुढे जाऊ.

तुमची एक्सेल शीट मी दोनदा पाहिली. ४० जणी, प्रत्येकी ४ हजार, महिन्याला १ लाख ६० हजार जमा. भाडं ४५, वीज ८, साफसफाई ५, विमा आणि किरकोळ ३, एकूण ६१ हजार खर्च. उरले ९९ हजार. छान दिसतं! पण झुंबाच्या हॉलमध्ये पंचवीसजणींत आणखी पाचजणी उभ्या करता येतात, इथे तसं होत नाही. पोल चार, एका पोलवर आलटून पालटून दोघी, म्हणजे बॅचला आठच. नोकरदार बायका येणार संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवार-रविवारी. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या सहा बॅच काढल्यात तर जागा ४८. तुमच्या ४० म्हणजे जवळजवळ हाउसफुल्ल, तेही पहिल्या महिन्यापासून.

आणि शिकवणार कोण? ‘आमच्यातलीच एक’, असं लिहिलंय. सहा बॅच म्हणजे आठवड्याला बारा तास, महिन्याला ५२ वर्ग. वर्गाला ७०० रुपये धरले तरी ३६ हजार होतात. ते शीटमध्ये कुठेच नाहीत. ते घातले की खर्च ९७ हजार. निम्म्या जागा भरल्या, म्हणजे २४ जणी आल्या, तर जमा ९६ हजार. पंचविसावी मुलगी येईपर्यंत तुम्हा चौघींना एक रुपया सुटत नाही.

पण माझी झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. जागेच्या करारात तीन वर्षांचा लॉक-इन आहे, म्हणजे वर्ग बंद पडला तरी तेवढी वर्षं भाडं बांधलेलं. ४५ हजार गुणिले ३६, म्हणजे १६ लाख २० हजार. तुम्ही मला विचारलंत २ लाखांबद्दल आणि सही करायला निघालात सोळा लाखांवर. त्यात साधी भागीदारी करताय. १९३२ च्या भागीदारी कायद्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रित आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. एकीचं लग्न ठरलं, एक बंगळुरूला गेली, तिसरीने हात वर केले, तर मालक सगळी रक्कम तुमच्याकडे मागू शकतो. तुमचा पगार नियमित येतो हे त्याला ठाऊक असतंच. एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत, जबाबदारी मर्यादित राहते खरी, पण मग मालक वैयक्तिक हमीची सही मागेल, ती देऊ नका.

एफडी मोडू नका. तुमचा महिन्याचा बांधील खर्च ६४ हजार. ३ लाख म्हणजे पाच महिनेही नाहीत. त्यातून २ लाख काढले तर दीड महिना उरतो. आयटीत आजकाल दीड महिन्यावर कोण निवांत झोपतं?

मग छंद सोडायचा का? छे. तुमच्याच कोटेशनमध्ये स्वतःच्या बैठकीवर उभा राहणारा पोल आहे, गादीसकट ६५ हजार. छताला भोक नाही, पीओपीची भानगड नाही. असे दोन घ्या, चौघींत वाटले तर प्रत्येकीला साडेबत्तीस हजार पडतील. उंच छताचा एखादा नृत्यवर्ग शनिवार-रविवारी तासाच्या भाड्याने मिळवा. ५०० रुपये तासाने महिन्याचे सतरा तास धरले तर साडेआठ हजार, चौघींत वाटले तर एकवीसशे. जमलं नाही तर पोल विकता येतात. लॉक-इन विकता येत नाही. सहा महिन्यांत पैसे देऊन येणाऱ्या बाहेरच्या दहाजणी टिकल्या, तर जागेचं पुन्हा बोलू.

बाहेरच्यांकडून फी घेण्याआधी सार्वजनिक दायित्व विमा काढा, म्हणजे वर्गात कुणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा विमा. ‘जोखीम माझी’ असा फॉर्म भरून घेतला तरी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका होईलच असं नाही. कंपनीचं नेमणूकपत्रही काढून वाचा, बाहेरच्या धंद्याला परवानगी लागते का ते बघा. फर्म झाली तर नफ्यावरचा कर फर्म भरते, तुमच्या वाट्यावर पुन्हा लागत नाही. फक्त प्राप्तिकर विवरणपत्राचा नेहमीचा फॉर्म, आयटीआर-१, चालणार नाही, आयटीआर-३ भरावा लागेल.

आणि आज संध्याकाळी त्या शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन करा. आठवड्याचे बारा तास, दर आठवड्याला, किती घेणार, एवढंच विचारा. आकडा आला की शीट मला पुन्हा पाठवा.