बोंडअळी, प्रोस्टेट आणि पहिली चाल

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत गेलेला. अबिराटेरॉनच्या गोळ्या चालू आहेत, पीएसए (हा आजार किती आहे ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) चांगला उतरलाय. अमेरिकेत ‘गेम थिअरी’ वापरून याच गोळ्या मध्ये मध्ये थांबवतात आणि रुग्णांना त्याचा फायदा होतो, असं वाचलं. आमचे डॉक्टर म्हणतात, एकही गोळी चुकवायची नाही. कॅन्सर काय डोकं लावून खेळतो का? आणि हे खरं असेल तर आपल्याकडे का करत नाहीत?
— एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : हे वाचून गोळ्या बंद करू नका, हे पहिलं. अबिराटेरॉनसोबत स्टेरॉइडची गोळी असते. ती एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं.

डोकं लावायची गरजच नसते. उत्क्रांतीचे अभ्यासक मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की खेळाडूला विचार करता येत नसला तरी खेळाचं गणित, म्हणजेच गेम थिअरी, चालतं. ज्याची चाल फळते त्याची पिलावळ वाढते, बस्स. गाठीत काही पेशी औषधाला बळी पडणाऱ्या असतात, काही त्याला न जुमानणाऱ्या. जागा आणि पोषण यांसाठी दोघींची झोंबाझोंबी. रोज पूर्ण डोस दिला की पहिल्या मरतात आणि दुसऱ्यांना रान मोकळं.

तुम्हाला हे मी काय शिकवणार! बीटी कापसाच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष अंगातच असलेल्या वाणाच्या, ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. साध्या अळ्या जगाव्यात, म्हणजे बीटी पचवणाऱ्यांचं फावणार नाही, यासाठी. (शेतात हे दोन्ही प्रकारच्या किडींच्या संकरातून साधतं, गाठीत पेशींच्या स्पर्धेतून, एवढा फरक.) लावली किती जणांनी? शेजारी लावेल, माझ्या ओळी का घालवू? प्रत्येकाचा हिशेब बिनचूक होता. कारणं आणखीही होती, पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते तुम्ही पाहिलंय.

फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी हा धडा किडींकडूनच घेतला. शेतात हजार मालक असतात, रुग्णाच्या बाबतीत निर्णय एका जागी होतो. शिवाय पहिली चाल डॉक्टरची. कॅन्सर फक्त उत्तर देतो, पुढचं ओळखू शकत नाही. तीच चाल रोज खेळलो की ही आघाडी आपण आपल्या हातानं घालवतो. म्हणून त्यांच्या चमूनं पीएसए मूळ आकड्याच्या निम्म्यावर आला की अबिराटेरॉन थांबवली, पुन्हा मूळ आकड्यावर गेला की सुरू केली. हार्मोन दाबून ठेवणारे उपचार मात्र चालूच. २०२२ च्या अहवालानुसार आजार पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) या १७ जणांत ३३.५ महिने, तर नेहमीच्या पद्धतीनं गोळी घेणाऱ्या १६ जणांत १४.३.

आकडे देखणे आहेत, पण माणसं मोजकी, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. एवढ्या बळावर मी माझ्या रुग्णाची गोळी थांबवली नसती. तुमचे डॉक्टर बरोबर सांगतात.

मग मोठी चाचणी कोण करणार? पुन्हा बांधावरचाच हिशेब. गोळ्या निम्म्याच लागतात हे सिद्ध करायला गोळी विकणारा पैसा का ओतेल? अँटिबायोटिकचं रडगाणं तेच. जंतू सरावू नयेत म्हणून नवं औषध राखून वापरायचं, म्हणजे खपणार नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इंग्लंडनं २०२२ मध्ये खेळाचा नियमच बदलला : दोन अँटिबायोटिकसाठी, वापर कितीही होवो, वर्षाची रक्कम ठरलेली. मला हा मार्ग पटतो. गोळ्या थांबवण्याच्या प्रयोगांनाही असाच सार्वजनिक पैसा लागेल. कंपन्यांच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

पुढच्या भेटीला वडिलांचे पीएसएचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि डॉक्टरांना विचारा, अशी एखादी चाचणी आपल्याकडे कुठे सुरू आहे का आणि वडील त्यात बसतात का. चाचणीत गेलात तर गोळी थांबवायची का नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील.