फॉर्मवर सही करण्याआधी

अनेक आशीर्वाद. वर नाव घातलेलं नाही, कारण हे पत्र तू वर्गातल्या चार जणांना दाखवणार हे मला ठाऊक आहे.

तुझा रात्री दीड वाजताचा मेसेज सकाळी वाचला. दोनदा वाचला. तिसऱ्या वर्षापासून बिझनेस सोडून नुसतं कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं, फॉर्म भरून तयार, शुक्रवार शेवटची तारीख, सही तेवढी बाकी. कारण काय, तर कॉम्प्युटरवाली मुलं अल्गोरिदममध्ये तुझ्या पुढे, अकाउंट्सवाली मुलं ताळेबंदात पुढे, आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "मग तू नेमका कोण?" तर तुझी दातखीळ बसली. शेवटी लिहिलंस, "मावशी, एक ना धड भाराभर चिंध्या." आणि त्याखाली जाता जाता हेही, की फीचे पैसे कापले गेले तरी पोर्टलवर 'बाकी' दिसतंय आणि तीन दिवस तू काउंटरवर हेलपाटे घालतोयस.

चिंध्यांची गोधडी होते वगैरे मी सांगणार नाही. ते सांगायला तुझी आई आहे.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. बिझनेस आणि कॉम्प्युटर अशा जोडपदवीत काही गोष्टी राहतातच. कम्पायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम), ऑपरेटिंग सिस्टिम, गणित यांना नुसतं कॉम्प्युटर शिकणाऱ्यांइतका वेळ मिळत नाही. दुसऱ्या बाजूला कर आणि फायनान्सही वरवर होतं. रात्र रात्र जागून कम्पायलर लिहावासा वाटत असेल तर आजच सही कर, मी आडवी येणार नाही. पण तुझ्या एवढ्या लांब मेसेजात कम्पायलर हा शब्दही नाही. त्यात नुसती लाज आहे. लाजेपोटी एक बाजू मीही सोडली होती. फॉर्म भरून नव्हे, मनातून. त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. ते येईल पुढे.

आधी माझा हेका ऐक. एक नोंद धर आणि तिच्यामागे शेवटपर्यंत जा. एकच नोंद. कुठून आली, कोणी लिहिली, कोणाच्या सहीने पुढे सरकली, कुठे कुठे उमटली आणि कुठे जाऊन थांबली. तुझ्या पदवीत शिकण्यासारखं एवढंच आहे. बाकीचं तिला येऊन चिकटतं.

समज, शंभर नगांची परचेस ऑर्डर गेली. गोदामात आले शहाण्णव. त्यातले चार फुटलेले, म्हणून ठेवून घेतले ब्याण्णव. पुरवठादाराचं बिल आलं पुऱ्या शंभराचं. पैसे किती द्यायचे? अकाउंट्सवाला मुलगा म्हणेल ब्याण्णवचे; ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल या तिघांची जुळणी करायची असते. बरोबर आहे. कॉम्प्युटरवाला म्हणेल, ऑर्डरच्या टेबलात 'आलेले नग' असा एक कॉलम टाकू. आणि इथे त्याचा पाय घसरतो. कमी पडलेले चार नग आठ दिवसांनी दुसऱ्या गाडीने येतात, फुटलेल्यांच्या बदल्यातले चार तिसऱ्या गाडीने. एका ऑर्डरला तीन पावत्या झाल्या. पुढच्या महिन्यात पुरवठादार दोन ऑर्डरींचं मिळून एकच बिल पाठवतो. आता तो कॉलम कोणाचा? आणि 'जुळलं, पैसे सोडा' असं म्हणायचा अधिकार कोणाला? ज्याने ऑर्डर दिली त्यालाच असेल, तर न आलेल्या मालाचेही पैसे एक दिवस जातील. पहिला प्रश्न हिशेबाचा, दुसरा डेटाबेसचा, तिसरा माणसांच्या प्रामाणिकपणाचा. नोंद तीच. तुमच्या दोन डिपार्टमेंटांमधली भिंत तिला ठाऊकच नाही.

तुमच्या गटाचा प्रोजेक्ट कसा चाललाय ते तूच सांगितलंस. दोघं कोड लिहितात, दोघं स्लाइड्स करतात, आणि व्हायवाच्या आदल्या रात्री एकमेकांना समजावून सांगतात. शाबास! चौघांनी मिळून पदवीचे परत दोन तुकडे केलेत आणि वर मला विचारतोस, मला दोन्ही का येत नाही म्हणून.

लुका पाचोली हे नाव तुला अकाउंट्सच्या पहिल्या धड्यात आलं असेल. १४९४ साली त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धत छापून प्रसिद्ध केली, आणि कुठे, तर गणिताच्या ग्रंथात. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकीकडे नावे, एकीकडे जमा. आता डेटाबेसच्या वहीत ट्रान्झॅक्शनचं पान काढ. दोन्ही बाजू लिहून झाल्या तर कमिट, म्हणजे पक्कं; नाहीतर रोलबॅक, म्हणजे सगळं होतं तसं मागे; अर्धवट काही शिल्लक ठेवायचं नाही. तुझे दोन सर दोन मजल्यांवर एकाच शिस्तीबद्दल बोलतायत आणि तू दोन वेगळ्या वह्या घालतोयस. जर्मनीत या जोडविषयाला विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक असं एकच लांबलचक नाव आहे, स्वतंत्र विषय म्हणून. तिथल्या मुलांना "तू नेमका कोण" विचारत नसतील असं नाही, पण सांगायला एक शब्द तरी आहे.

डॅन ब्रिकलिन एमआयटीत कॉम्प्युटर शिकला, काही वर्षं नोकरीत सॉफ्टवेअर लिहिलं, आणि मग हार्वर्डला एमबीएला गेला. तिथे फळ्यावरच्या आकड्यांच्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून परत लिहायचे, हे त्याने पाहिलं. वर्गातल्या सगळ्यांनीच पाहिलं असणार. त्याने त्या एका आकड्याच्या मागे जायचं ठरवलं, आणि १९७९ साली बॉब फ्रँकस्टनच्या जोडीने व्हिसिकॅल्क आणलं. घरच्या कॉम्प्युटरवरचं ते पहिलं स्प्रेडशीट. धड इकडचा ना धड तिकडचा, तुझ्यासारखाच.

आणि नोंद मध्येच सोडली की काय होतं तेही बघ. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी त्यांचं नवं सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरवर चढलेलं होतं, आठव्यावर राहून गेलं होतं. त्या आठव्यावर बरीच वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, एवढं मोजणारा भाग २००५ मध्येच तिथून दुसरीकडे हलवलेला होता. म्हणजे ऑर्डर पुरी झाली हे त्या कोडला कळायची सोयच उरली नव्हती. २१२ छोट्या ऑर्डरींपोटी पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्या वाचून कोणी उठलं नाही. तिथे हुशार माणसं कमी होती का? एका ऑर्डरीला हात धरून उगमापासून शेवटापर्यंत नेणारं कोणी नव्हतं.

आता माझं. मी अशीच जोडपदवी केली आणि अकाउंट्सच्या तासाला मागच्या बाकावर प्रोग्रामिंगचं पुस्तक उघडून बसायचे. मी कॉम्प्युटरवाली, जमाखर्च म्हणजे कारकुनी, असा ताठा. उलट नोंदींवरचं सबमिशन मैत्रिणीचं बघून उतरवलं. तिला दहापैकी आठ मिळाले, मला नऊ. अक्षर चांगलं होतं माझं.

पहिल्या नोकरीत बिलिंगचं काम आलं. 'बिल रद्द करा' असं बटण हवं होतं. मी ते एका दुपारी करून दिलं. बटण दाबलं की टेबलातली ती ओळच उडून जायची. टेस्टिंगमध्ये एक चूक निघाली नाही. वर्षअखेरीला ऑडिटरने बिलांचे नंबर ओळीने लावले आणि विचारलं, मधली एकतीस बिलं कुठे आहेत? कोणालाच सांगता येईना. अकाउंट्समधल्या एका वयस्कर गृहस्थांनी तीन रात्री बसून कार्बन कॉप्यांच्या गठ्ठ्यांतून एकेक बिल शोधलं. चौथ्या दिवशी एक निळसर, पुसट झालेली कॉपी घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, चुकलेलं बिल खोडायचं नसतं. उलट नोंद करायची असते. चूक पण दिसायला हवी आणि दुरुस्ती पण."

नऊ मार्कांचं सबमिशन, आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

इथवरचं मी अनेकांना सांगितलंय. पुढचं नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, वापरणाऱ्यांनी बटण चुकीचं दाबलं. सगळ्यांना पटलं, कारण खोलीत कॉम्प्युटर कळणारी मी एकटीच होते. त्या गृहस्थांच्या फाइलला मेमो लागला. ते काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले, निरोप समारंभात पुष्पगुच्छ माझ्याच हातून दिला. ती नोंद मी अजून उलटवलेली नाही.

तेव्हापासून एक खरी नोंद आरंभापासून अंतापर्यंत स्वतः नेऊन पाहिल्याशिवाय मी कशावर सही केली नाही. ऑफिसात 'थांबा मॅडम' म्हणायचे मला. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं माझ्यावर साहेब झाली, ती लवकर 'हो' म्हणायची. एकदा पगाराची नवी सिस्टिम मी अकरा दिवस अडवून धरली; एका माणसाची रजा, त्याची कपात आणि महिन्याच्या मध्यात झालेली बदली यांचा मेळ बसतोय का ते बघत होते. बसत होता. काहीच निघालं नाही. अकरा दिवस माझ्या नावाने शिमगा झाला. तुझी आई म्हणते, तुला सिस्टिमची काळजी नव्हती, तू त्या जुन्या मेमोची भरपाई करत होतीस. असेल. पण ज्या दिवशी निघालं असतं त्या दिवशी हीच माणसं म्हणाली असती, तुम्ही बघितलं कसं नाही? आणि बघितल्याशिवाय निघालं नसतं हे कळणार कसं? मी चुकले असं मला आजही वाटत नाही. बढतीचं दुःख नाही, हेही जरा खोटंच आहे. पण चुकले नाही.

असो. भलतीकडे गेले.

तुझ्या कामाचं थोडकं सांगते. ऐच्छिक विषयांत डेटाबेसचा पुढचा भाग आणि ऑडिट हे दोन्ही घे, मार्क कमी पडले तरी. मार्केटिंगचा सोपा पेपर घेऊन टक्का वाढवू नकोस. प्रोजेक्टमध्ये या महिन्यात स्लाइड्स तुम्ही कोडवाल्यांनी करा आणि टेस्टिंग त्या दोघांना द्या. रडारड होईल, होऊ दे. पैशांच्या रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजे साठवलेल्या दशांश आकड्यांत, ठेवल्यात का बघ. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ येते, आणि एक पैसा जुळत नाही म्हणून रात्र घालवणारी माणसं मी पाहिलीत. मुलाखतीतल्या त्या बाईंना काय सांगायचं हे मला विचारू नकोस. एखादी नोंद शेवटपर्यंत नेली असतीस तर सांगायला तीच असती.

आणि ती तुझ्याकडे आहे. मेसेजात शेवटी टाकलेली ती फीची तक्रार. दोन वर्षं दोन्ही विषय शिकून तू तीन दिवस रांगेत उभा राहिलास आणि काउंटरवर काय विचारलंस, तर "कधी दिसेल?" अरे, तुझ्या खात्याला रक्कम नावे पडली म्हणजे कुठेतरी कोणाच्यातरी खात्यात ती जमा झालीच असणार. बँकेच्या मेसेजातला व्यवहार क्रमांक काढ. पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे बँकेकडून विद्यापीठाकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीकडे, तो यशस्वी दिसतोय का? त्यांनी विद्यापीठाच्या सर्व्हरला कळवलं का, आणि कळवलं असेल तर ते पोचलं का? पैसे बँकेत आले तर खाती जुळवतं कोण, रोज की आठवड्यातून एकदा, आणि नाव चुकलं तर कशावरून जुळवतं? काउंटरवरच्या माणसाशी नीट बोल, त्याला यातलं अर्धं माहीत असतं, कोणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

शुक्रवारला चार दिवस आहेत. फॉर्म खणात ठेव, आणि पैसे नेमके कुठे अडकलेत ते शोधून मला कळव.

— मावशी