मोस्ट वॉन्टेड (२००५) आणि बर्नआउट पॅराडाइज यांपैकी आधी कोणता गेम घ्यावा?

फार शिकावे न लागणारा, घरच्या लॅपटॉपवर चालणारा कार रेसिंगचा गेम आपल्याला हवा आहे आणि या दोहोंत निवड होत नाही, असे आपण लिहिले आहे. नोकरीमुळे रात्री जेमतेम अर्धा तास मिळत असेल, तर पॅराडाइज घ्यावा; शनिवार-रविवार सलग बसता येत असेल, तर मोस्ट वॉन्टेड. मी ऐरोलीला राहतो, दोन्ही गेम पूर्ण खेळलो आहे आणि आता पुन्हा उघडतो तो बहुधा पॅराडाइजच.

दोन्ही गेम आर्केड पद्धतीचे असल्यामुळे ब्रेक क्वचितच लागतो आणि टायर, गिअर यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. खरा फरक आहे तो आपली गाडी आपटल्यावर गेम काय करतो, यात.

क्रायटेरियन गेम्सने २००८ साली आणलेल्या पॅराडाइजमध्ये आपटणे हीच करमणूक आहे. वेग एकदम मंदावतो, बॉनेट चुरगळते, काचा उडतात, ठिणग्यांचा पट्टा रस्त्यावर ओढला जातो आणि काही क्षणांत आपण नव्याने रस्त्यावर असतो. नुकसान एवढेच असल्याने माणूस आपोआप बेफिकीर होतो, आणि गेमलाही तेच हवे असते, कारण समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये घुसले की बूस्ट, म्हणजे थोडा वेळ मिळणारा जादा वेग, भरतो. त्यातही वेगवान गटातल्या गाड्यांचा बूस्ट पूर्ण भरल्याशिवाय वापरता येत नाही. पण तो एका दमात संपवताना तसेच धोके पत्करत राहिलात, तर लगेच दुसरा हाती येतो आणि ही साखळी तुटू नये म्हणून जीव टांगणीला लागतो. (घोडबंदर रोडवर रोज संध्याकाळी पहिल्या गिअरमध्ये सरकणाऱ्यांना याचे सुख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.) शर्यतीसाठी मेनू उघडायचा नसतो, कोणत्याही सिग्नलपाशी थांबून ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबले की शर्यत सुरू होते. अर्ध्या तासात हा गेम पुरेपूर वसूल होतो, तो यामुळेच.

त्याची एक खोड मात्र त्रासदायक आहे. शर्यतीला आखलेला मार्ग नसतो, फक्त शेवटचे ठिकाण ठरलेले असते. कुठे वळायचे हे पडद्यावर वरच्या बाजूला रस्त्याचे नाव लुकलुकून सांगितले जाते, पण त्या वेगात नजर वर गेली की समोरचा ट्रक अंगावर येतो आणि नजर खाली ठेवली की वळण हुकते. शहर पाठ होईपर्यंत हे चालायचेच.

ईए ब्लॅक बॉक्सच्या मोस्ट वॉन्टेडमध्ये चुकांची किंमत साचत जाते. रॉकपोर्ट शहरातल्या पंधरा शर्यतपटूंच्या यादीत खालून वर चढायचे आणि पहिल्या क्रमांकावरच्या रेझरकडून आपली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर परत मिळवायची, एवढीच कथा आहे. मात्र प्रत्येकाला आव्हान देण्याआधी नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही, पोलिसांना अंगावर घेऊन ठरावीक बाउंटीही, म्हणजे पाठलागात मिळणारे गुणही, जमवावी लागते. पाठलाग लांबला की हीट, म्हणजे पोलिसांच्या कारवाईची तीव्रता, वाढते, नाकाबंद्या लागतात, पुढे रस्त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या येतात. डोनटच्या दुकानाच्या खांबांना धडक देऊन वरचा अवाढव्य डोनट मागच्या पोलीस गाड्यांवर पाडणे, हा प्रकार कितीही वेळा केला तरी शिळा होत नाही. निसटल्यावरही सुटका नसते. कुठेतरी आडोशाला गाडी थांबवून शोध थंडावण्याची वाट पाहावी लागते आणि त्याच वेळी एखादी गस्तीची गाडी वळून आली, तर सगळे पुन्हा सुरू होते. पकडले गेलात तर त्या पाठलागाची कमाई जाते, दंड भरावा लागतो आणि वारंवार तसे झाले तर गाडीच जप्त होते. इतका ताण पॅराडाइज कधीच देत नाही. म्हणूनच कामावरून थकून आल्यावर मोस्ट वॉन्टेड उघडू नये, असे मला वाटते.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मोस्ट वॉन्टेड याच नावाने मिळणारा गेम २०१२चा आहे. तोही क्रायटेरियननेच केलेला असून स्वभावाने पॅराडाइजच्या जवळचा आहे. २००५चा मूळ गेम तिथे विकत मिळत नाही, त्यामुळे त्याची जुनी डिस्क शोधावी लागेल. तो साध्या संगणकावर चालतो, पण आजच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलेले दिसते. पॅराडाइजची २०१८ची सुधारित आवृत्ती सहज मिळते. ती घेतलीत तर शक्यतो कंट्रोलरवर खेळा, कीबोर्डवर तिच्यातली वळणे फार तुटक घेतली जातात.