बंदर ‘गहाण’ पडलं, की ‘मक्त्याने’ गेलं?

प्रश्न असा आला आहे: श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर कर्जापायी चीनकडे ‘गहाण पडलं’ असं कुणी लिहितं, कुणी ‘विकलं’ म्हणतं, कुणी ‘भाडेपट्ट्याने दिलं’. यातला नेमका शब्द कोणता?

‘विकलं’ तर नाहीच. जमिनीची मालकी श्रीलंकेचीच आहे. खरी अडचण ‘गहाण’ची, कारण तो सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे.

गहाणात आधी कर्ज असतं, त्याला तारण म्हणून वस्तू लागते आणि कर्ज फिटलं की वस्तू सुटते. ती ऋणकोच्या ताब्यात राहिली तर नजरगहाण, धनकोने ताबा घेतला तर कब्जेगहाण. मुदतीत सोडवली नाही तर गहाण बुडतं. आता हंबनटोटाचा व्यवहार पाहा. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेने सुमारे 30 कोटी 70 लाख डॉलर कर्ज दिलं, व्याज 6.3 टक्के. बंदर 2010 साली सुरू झालं, पण पुरेशी जहाजं येईनात आणि तोटा साचत गेला. मग जुलै 2017 मध्ये ‘चायना मर्चंट्स पोर्ट’ या कंपनीशी 99 वर्षांचा करार झाला, 112 कोटी डॉलरचा. हे पैसे बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत. श्रीलंकेने ते परकीय चलनाच्या गंगाजळीत घातले आणि एक्झिम बँकेचं देणं सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. म्हणजे गहाण सुटलं नाही आणि बुडालंही नाही, कारण बंदर त्या कर्जाला तारण नव्हतंच. कर्ज देणारी बँक वेगळी, बंदर चालवायला घेणारी कंपनी वेगळी. दोन्हींमागे चिनी सरकार आहे हे खरं, आणि संशयाचं मूळही तिथेच आहे. पण संशय म्हणजे गहाणखत नव्हे.

‘भाडेपट्टा’ बराच जवळ जातो, पण त्यातलं ‘भाडे’ दिशाभूल करतं. दरवर्षी भाडं येत असेल असं वाटतं. इथे मुख्य रक्कम एकरकमी होती, शिवाय चिनी कंपनीने बंदर चालवणाऱ्या कंपन्यांतला मोठा हिस्सा घेतला. म्हणून मला ‘मक्ता’ हा शब्द जास्त पटतो. ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या रकमेवर, उत्पन्न घेण्याचा आणि कारभार पाहण्याचा हक्क म्हणजे मक्ता. मालकी मूळ धन्याकडेच. ‘इजारा’ही चाललं असतं, पण आज तो फार कमी जणांच्या कानावर असतो. ‘मक्तेदारी’ला आता एकाधिकाराचा अर्थ चिकटला आहे, तेव्हा ‘मक्ता’ खटकत असेल तर सरळ ‘99 वर्षांसाठी चालवायला दिलं’ असं लिहावं. (99 हा आकडाही झोंबणारा आहे. 1898 साली ब्रिटनने हाँगकाँगलगतचा ‘न्यू टेरिटरीज’चा मुलूख चीनकडून इतक्याच मुदतीने घेतला होता.)

शब्दावरून इतकं ताणायचं कारण असं की, ‘गहाण पडलं’ म्हटलं की श्रीलंकेचं सरकार चित्रातून गायब होतं. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे चिनी टेहळणी जहाज हंबनटोटाला लागलं, तेव्हा भारताने आक्षेप घेतला तो कोलंबोकडे, आणि आधी ‘थांबा’ आणि मग ‘या’ म्हणणारंही कोलंबोच होतं. दबाव असेल, पण परवाना श्रीलंकेचा होता. ‘कर्जसापळा’ या शब्दाचंही तेच. सापळा म्हटला की लावणारा आला, त्याचा हेतू आला. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली, तेव्हा त्या कर्जातला मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता, आणि ते रोखे चीनचे नव्हते. देश कर्जबाजारी झाला, हे म्हणणं पुरेसं आणि खरं आहे.

पाकिस्तानातल्या ग्वादर बंदराची गोष्ट तर शब्दांसाठीच घडल्यासारखी आहे. 1958 साली पाकिस्तानने ते ओमानच्या सुलतानाकडून विकत घेतलं. तिथे ‘विकत’ हाच शब्द हवा, कारण झेंडाच बदलला. 2013 साली एका चिनी कंपनीकडे गेला तो फक्त बंदराचा कारभार. 2017 मध्ये पाकिस्तानच्या सिनेटमध्ये सांगण्यात आलं की, बंदराच्या उत्पन्नातला 91 टक्के वाटा चिनी कंपनीचा आणि 9 टक्के ग्वादर बंदर प्राधिकरणाचा. ‘चीनने ग्वादर घेतलं’ या वाक्यात हा वाटा कुठेच दिसत नाही. ‘मक्त्याने गेलं’ म्हटलं की वाचणारा आपोआप विचारतो, मक्ता कितीचा आणि आमच्या हातात काय? आपल्याच समुद्रात मासे मिळेनासे झाले म्हणून 2021 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तिथल्या बलुच मच्छीमारांचा रागही याच हिशेबातून समजतो.

हाच निकष आपल्या बातम्यांनाही लावा. इराणच्या चाबहार बंदराबद्दल ‘भारताने चाबहार घेतलं’ असं सर्रास छापतात. मे 2024 मधला करार 10 वर्षांचा आहे आणि तो चाबहारमधल्या फक्त शहीद बेहेश्ती टर्मिनलपुरता. तेव्हा ‘चाबहारचं एक टर्मिनल 10 वर्षांसाठी चालवायला घेतलं’ हेच बरोबर. मथळा लांबतो, पण लांबू द्यावा.