वाचकांचे प्रश्न: आपल्याच माणसांचं वाईट का लिहायचं?

प्रश्न: ताई, मी नागपूरची, इंदोऱ्यात राहते, एम.ए. करतेय. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस वॉकरची 'द कलर पर्पल' कादंबरी वाचली. त्यातले ब्लॅक पुरुष बायकांना किती छळतात! लेखिका स्वतः ब्लॅक, मग आपल्याच लोकांची बदनामी कशाला?

उत्तर: अगं, हेच तिला तिच्याच लोकांनी ऐकवलं होतं, 1982 ला पुस्तक आलं तेव्हापासून, पुढच्या वर्षी पुलित्झर हा मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला तरी राग काही गेला नाही. पण शेवट आठव ना, तोच मारकुटा नवरा म्हातारपणी नायिका सेलीजवळ बसून शिवणकाम करतो. गोऱ्यांच्या कितीतरी कादंबऱ्यांत ब्लॅक माणूस एकतर इमानी नोकर नाहीतर गुंड, त्याला बदलायची सोयच नाही, इथे आहे, आणि मला तरी ही बदनामी वाटत नाही.

आता टोनी मॉरिसनची 'द ब्लूएस्ट आय' घे, 1970 ची. पॉलीन गोऱ्यांच्या घरी कामाला. तिथे तिच्या पोरीच्या, पिकोलाच्या हातून गरम गोडाचं भांडं पडतं, पाय भाजतात, आणि आई तिलाच मारते न् मालकाच्या रडणाऱ्या पोरीला कुशीत घेते. वाचताना एवढा संताप येतो त्या आईचा! पण लगेच पुढे मॉरिसन त्याच आईची सगळी कहाणी सांगते, पोटुशी असताना ती सिनेमातल्या जीन हार्लोसारखे केस करून थिएटरात बसलीये, गोळी चावते आणि समोरचा दातच निघून येतो, त्या दिवसापासून ती स्वतःला कुरूपच धरून चालते. मारणं माफ होत नाही, पण ती कुठून आली ते कळतं. बाहेरच्याला हे दिसलं असतं का?

बोलीवरूनही तिकडे भांडणं झालीत. झोरा नील हर्स्टनने 1937 च्या कादंबरीत दक्षिणेतल्या ब्लॅक लोकांची बोली जशीच्या तशी लिहिली, तर रिचर्ड राइट, तोही ब्लॅक लेखकच, म्हणाला की हे गोऱ्यांना हसवायला लिहिलंय. मला राइटचं नाही पटत. शाळेत मी 'मले', 'कायले' म्हटलं की वर्ग हसायचा, माझी आजी तर जन्मभर तसंच बोलली, आणि ती काही कोणाला हसवायला बोलत नव्हती.

आपल्याकडे दलित लेखक बाबूराव बागुलांच्या 1963 च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहातली 'विद्रोह' ही कथा वाच, बाप आणि पोरगा समोरासमोर. वाचून झालं की नक्की लिही, त्या बापाचा राग आला का ते.